निवांतपणाचा सातबारा कोणाच्या नावावर?

दिवाळीत भाचा आणि त्याची बायको आमच्याकडे फराळाला आले, ते नुकतेच लक्षद्वीपहून परतलेले. नाकाची सालं निघालेली आणि दोघांच्या चेहऱ्यावर एरवी कधी न दिसणारी स्वस्थता. कोचीहून अगत्तीपर्यंत छोटं विमान, तिथून बोटीनं बंगाराम. कायमची वस्ती नसलेलं बेट आणि त्यावर तंबूंची छावणी. तंबू म्हणायचा कापडाचा, आत मात्र आमच्या घरात नाही असा पलंग. "काय काय बघितलंत?" आण्णांनी विचारलं. "काहीच नाही," भाचा म्हणाला. "सकाळी गुडघाभर पाण्यात मासे बघत उभं राहायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी वाळूत बसायचं. पाच दिवस." खर्चाचा आकडा ऐकून आण्णांनी हातातली चकली बशीत परत ठेवली. रिकामं बसायला एवढे पैसे? ही सगळी श्रीमंतांची थेरं. मेहुणे लगेच उसळले : त्यात वाईट काय? आपला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काय कमी आहे? तापोळ्याला, बामणोलीला असेच तंबू टाका, पोरांना मुंबई सोडून गावात काम मिळेल. पर्यावरणाचं शिकणारी पुतणी दोघांवरही चिडली. तिथं कुणीच जाऊ नये, जंगल आहे ते जंगल राहू द्या. तासभर हे चाललं. आई कोपऱ्यात विड्याच्या पानाचे देठ खुडत ऐकत होती. तिचं माहेर त्याच शिवसागराच्या तळाशी आहे. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

हाच वाद मी गेली काही वर्षं पोवई नाक्यावरच्या चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकतो आहे. कोयनेच्या खोऱ्यातल्या गावांत पर्यटन आणू पाहणाऱ्या सरकारी 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाची बातमी आली की तो पुन्हा पेटतो आणि दर वेळी या तीन खुंट्यांनाच बांधलेला राहतो : चैन वाईट, रोजगार चांगला, जंगल पवित्र. माझं म्हणणं वेगळं आहे. एखाद्या दूरच्या जागी मोजक्या माणसांनी संथपणे राहणं, त्यासाठी भरपूर पैसे मोजणं, यात मूलतः काही वाईट नाही. उलट नाजूक जागांना गर्दीच्या पर्यटनापेक्षा तेच अधिक मानवतं. पण तो संथपणा ज्या जमिनीवर विकला जातो तिची मालकी आणि तिथे नाही म्हणण्याचा अधिकार स्थानिकांकडे नसेल, तर तो मुक्काम कितीही हळुवार असो, ती बळकावणीच आहे. कोयनेच्या काठी या अटीला आणखी एक जोड हवी : ज्यांच्या घरांवर ते पाणी उभं आहे, त्यांचा हिशेब आधी चुकता व्हायला हवा.

आधी आण्णांचं. रिकामं बसणं हा आळस आणि त्यासाठी पैसे देणं हा माज, असं मानणाऱ्या पिढीबद्दल मला आदर आहे. त्यांनी बसून खाल्लेलं नाही. पण संथपणा परदेशातून आलेला आहे हे मला मान्य नाही. ज्ञानोबांची पालखी लोणंदला येते, तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, पुढे फलटण, बरड. एसटीनं काही तासांत होणारा आळंदी-पंढरपूर प्रवास लाखो माणसं तीन आठवड्यांच्या आसपास चालत करतात, तेही पेरणीच्या दिवसांत. त्यांना कुणी वेळ वाया घालवला म्हणत नाही. चालणं हाच त्या वाटेचा अर्थ आहे, पोचणं नंतरचं, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कळतं. मग त्या दोघांनी पाच दिवस पाण्याकडे बघत घालवले तर एवढं बिनसलं कुठे? भाचा पुण्यात संगणकासमोर दहा-बारा तास काढतो. सहा वर्षांत त्याला सलग दोन वाक्यं फोनकडे न बघता बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या देहाला आणि मनाला हे हवं होतं. वारीत पैसा लागत नाही आणि बेटावर लागतो, हा आक्षेप खरा आहे. पण तो पैशाबद्दलचा आक्षेप आहे, संथपणाबद्दलचा नाही. दोन्ही एकत्र बांधले की खरा प्रश्न निसटतो.

अशा मुक्कामाच्या विरोधात सर्वांत जड मुद्दा पुतणीचा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. प्रवाळाच्या बेटाखाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर असतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्यावर तरंगत राहतं. बेटाची सगळी तहान त्या भिंगासारख्या थरावर भागते. उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर चढतं, विहिरी मचूळ होतात. म्हणजे आलिशान तंबूतली शॉवरची धार कुणाच्या तरी विहिरीशी जोडलेली असते. त्यावर उपाय म्हणून समुद्राचं पाणी गोडं करायचं तर इंधन लागतं आणि लक्षद्वीपला इंधन मुख्य भूमीवरून जहाजानं येतं. शिवाय तिथवर पोचायचं विमानानं. त्या विमानाचा धूर आणि समुद्राचं वाढतं तापमान यांचं नातं आता शाळेतली मुलंही सांगतात. १९९८, २०१६ आणि २०२४ या वर्षांत उष्णतेनं तिथली प्रवाळं पांढरी पडली. जे बघायला गेलो त्याच्याच मरणाला आपला हातभार लागतो, हे खरं आहे.

पण यातून 'कुणीच जाऊ नये' हा निष्कर्ष निघत नाही. लक्षद्वीपची छत्तीस बेटं मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर जमीन. त्यांतल्या दहा बेटांवर माणसं राहतात, २०११ च्या जनगणनेत ६४ हजारांच्या वर. नारळ आणि ट्यूना मासा यांवर त्यांचा संसार. त्यांनी जगाशी व्यवहार करूच नये, काचेच्या कपाटातल्या वस्तूसारखं राहावं, असं आपण साताऱ्यात बसून ठरवायचं? पाण्याचा थर मोजता येतो, त्यावरून माणसांची संख्या ठरवता येते. अशा जागी शंभर माणसं धावतपळत फोटो काढून गेली तर जेवढा भार पडतो, त्याहून दहा माणसं आठवडाभर एका जागी बसली तर कमी पडतो. फेऱ्या कमी, कचरा कमी, आणि तेवढ्याच पाण्यात स्थानिकाच्या हाती पैसा जास्त. संथ मुक्कामाच्या बाजूनं माझा युक्तिवाद हा एवढाच आहे, पण तो हिशेबाचा आहे, हौसेचा नाही.

इथे सामान्य माणसाच्या बाजूनं एक प्रश्न येतो, आणि तो मला बराच काळ छळत होता. संख्या कमी आणि दर चढा ठेवायचा म्हणजे निसर्ग फक्त पैसेवाल्यांसाठी राखून ठेवायचा का? रहिमतपूरच्या शिक्षकानं, जतच्या द्राक्षबागायतदाराच्या पोरानं समुद्र चित्रातच बघायचा? भूताननं हा मार्ग उघडपणे घेतला : परदेशी पाहुण्याकडून दर रात्रीचं शुल्क, २०२२ मध्ये २०० डॉलर, वर्षभरानं १००, भारतीयांसाठी १,२०० रुपये. पैशानं गाळणी लावली की गर्दी गळते, पण तिच्यासोबत गरीबही गळतो. मला ही पद्धत पूर्ण पटत नाही, आणि दुसरी पद्धत आपल्या घराजवळच आहे. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करायची, माफक शुल्क भरायचं आणि राखण करतात ती आजूबाजूच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती. तिथे गाळणी संख्येची आहे, खिशाची नाही. ती नेहमी नीट चालते असं मी म्हणणार नाही. शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग मी पाहिली आहे, आणि पठाराला कुंपण घालावं की नको यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. तरी तत्त्व बरोबर आहे. वासोट्याचंही तेच : वनखात्याची परवानगी, बामणोलीहून लाँच, संध्याकाळच्या आत परत. किल्ल्यावर मुक्काम नाही, कारण ते व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र आहे. नोकरदार असो वा कारखानदार, दोघांनाही नियम एकच. म्हणजे मोजकेपणा आणि महागपणा या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्याच असतात असं नाही. काही खाटा चढ्या दराच्या असाव्यात, काही जागा सोडतीनं साध्या दरात द्याव्यात. मर्यादा एकूण संख्येवर.

आता मेहुण्यांचा मुद्दा, रोजगाराचा. तो हलका नाही. जावळी आणि पाटणच्या डोंगरातला तरुण तीन-चार पिढ्या मुंबईच्या बाजारात पाठीवर गोण्या वाहतो आहे. १९६९ चा माथाडी कायदा झाला तेव्हा त्याचा फायदा ज्यांना झाला त्यांत याच खोऱ्यांतली माणसं भरपूर होती. घरी म्हातारी माणसं, नाचणी-वरीचे तुकडे आणि मे महिन्याची वाट बघणारी दारं. त्यांच्यासमोर उभं राहून 'तुमचं खोरं किती शांत आहे' म्हणणं मला जमत नाही. शिवसागरापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात रात्री एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या की घरच्यांना लाँच मिळेल का, तराफा चालू असेल का, पलीकडे गाडी असेल का, याची चिंता लागते. पाहुण्याला जो संथपणा वाटतो तो तिथल्या माणसाला उशीर असतो. पाहुण्यानं तो निवडलेला असतो, त्याला पाचव्या दिवशी परत जायचं असतं. रहिवाशावर तो लादलेला असतो. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला की माहितीपत्रकात जे 'जगापासून दूर' म्हणून छापलं जातं, ते सरकारी फाईलमध्ये 'दुर्गम' म्हणून पडून राहतं आणि दोघांनाही चालतं.

म्हणूनच 'पर्यटन आलं की रस्ता येईल, दवाखाना येईल' हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. दवाखाना हा त्या बाईचा हक्क आहे. तो तंबूंच्या पाठोपाठ का यावा? या खोऱ्यानं देशाला द्यायचं ते आधीच दिलं आहे. कोयनेचं धरण १९६० च्या दशकात उभं राहिलं, पन्नासएक किलोमीटर लांब शिवसागर भरला, क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली. दरवर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून वीज तयार होते, १,९६० मेगावॉट क्षमतेची. मुंबईचे दिवे लागले, कारखाने फिरले. धरणाच्याच काठावरच्या वाड्यांना मात्र त्या विजेसाठी दशकं थांबावं लागलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर हललं, त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कुणाला सोलापूरच्या माळावर, कुणाला सांगलीकडे, कुणाला रायगड-ठाण्यात जमिनी दाखवल्या गेल्या, कित्येकांना त्याही मिळाल्या नाहीत. २०१८ मध्ये, धरणाला पन्नास वर्षं उलटून गेल्यावर, धरणग्रस्त डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला आठवडेच्या आठवडे ठिय्या मांडून बसले, ते याच जुन्या हिशेबासाठी. मग कोयना अभयारण्य आलं १९८५ मध्ये, त्याला चांदोली जोडून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वारणेच्या बाजूला शिराळा तालुक्यातल्या चांदोलीची माणसंही अशीच उठली. एकाच डोंगरातल्या माणसाला आधी वीज हवी म्हणून, मग वाघ हवा म्हणून उठवलं. आता पाहुणा हवा म्हणून उठवायचं?

'उठवणार कोण आहे? जमिनी लोक राजीखुशीनं विकतात', असं यावर मला ऐकवलं जातं. राजीखुशी म्हणजे काय, हे बघण्यासाठी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पुरेसा आहे. महाबळेश्वर हे संथ, खर्चिक, मोजक्यांसाठीच्या मुक्कामाचं आपलं पहिलं उदाहरण. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याला १८२८ च्या सुमारास कंपनीच्या आजारी साहेबांसाठी थंड हवेचं ठिकाण हवं होतं. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार झाला, वाईकडचं खंडाळा हे गाव देऊन त्याबदल्यात डोंगरमाथा घेतला गेला आणि माल्कम पेठ वसली. कागदावर ती सरळ देवघेव होती. पण दहाच वर्षांत, १८३९ मध्ये, याच कंपनीनं प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. ज्याला एवढ्या सहज हटवता येतं, त्याची राजीखुशी किती वजनाची? आणि त्या करारात दोनच पक्ष होते, राजा आणि कंपनी. डोंगरावर गुरं चारणारा, मध काढणारा, नाचणी पेरणारा त्यात पक्ष नव्हता. पुढे तिथे बंगले उठले, बाजार वाढला. रस्ते आणि बाग-मळ्यांच्या कामाला सरकारनं समुद्रापलीकडून आणलेले चिनी कैदी लावले, आणि तिथला बटाटा-भाजीपाला त्यांच्या हातून रुजला. साहेबाचा निवांतपणा त्या हातांवर उभा होता. आज आपण तिथे स्ट्रॉबेरी खातो तेव्हा हे आठवत नाही. महाबळेश्वर-पाचगणीला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची पाळी आली १७ जानेवारी २००१ ला. मोजकेपणाचा नियम नसला की मोजक्यांची जागा गर्दीची कशी होते, हे कळायला पावणेदोनशे वर्षं लागली.

दूरचं उदाहरण हवं असेल तर मालदीव घ्या. २०२४ च्या जानेवारीत 'मालदीव की लक्षद्वीप' असा जो गदारोळ झाला, त्यात दोन्हीकडे देशाभिमान होता, पण बेटावर राहणाऱ्या माणसाबद्दल अवाक्षर नव्हतं. मालदीवमध्ये पर्यटन सुरू झालं १९७२ मध्ये. धोरण असं ठरलं की एका निर्मनुष्य बेटावर एकच हॉटेल. पाहुणा तिथे, रहिवासी दुसऱ्या बेटावर. निसर्गाच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं होतं हे मान्य केलं पाहिजे. त्या देशात पैसा आला, शाळा-दवाखाने आले, हेही मान्य. पण वस्तीच्या बेटावरच्या सामान्य कुटुंबाला स्वतःच्या घरात पाहुणा ठेवण्याची मुभा मिळाली ती २००९ च्या सुमारास, म्हणजे तब्बल छत्तीस-सदतीस वर्षांनी. तोवर स्वतःच्या समुद्रावर त्याचा वाटा होता तो वेटरच्या पगाराएवढा. मेहुणे म्हणतात ती नोकरी हीच. मी तिला कमी लेखत नाही, वेटरच्या पगारावर घरं चालतात. पण ज्याची जमीन आणि ज्याचं पाणी, तो पिढी दर पिढी ताटच उचलत राहिला तर त्याला रोजगार मिळाला म्हणायचं, की त्याच्या हातून मालकी गेली म्हणायचं?

आणि लक्षद्वीप? भाचा जिथे राहिला ते बंगाराम म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. पण तिथे काही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. बहुतेक सगळा मूळ समाज अनुसूचित जमातीत मोडतो, बाहेरच्याला तिथे जमीन विकत घेता येत नाही, आणि बेटावर पाऊल ठेवायलाही परवाना लागतो. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी राहत आली, कारण तिथल्या समाजाला ती हवी आहे. सूट होती ती वस्ती नसलेल्या बंगारामला. म्हणजे पाहुण्यानं कसं वागायचं हे घरमालक ठरवत आला. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाचा जो मसुदा आला त्यात 'विकासा'साठी जमीन ताब्यात घेण्याचे आणि माणसं हलवण्याचे अधिकार प्रशासनाला मिळणार होते, तेव्हा सगळी बेटं एकमुखानं विरोधात उभी राहिली. पंडारम जमिनींचा, म्हणजे मालकी सरकारची पण कसणारे बेटवासी अशा जमिनींचा, वाद अजून चालू आहे. चौसष्ट हजारांचा समाज हे करू शकला, कारण त्याच्या पायाखाली कायद्यानं राखलेली जमीन होती. आपल्या खोऱ्यातल्या माणसाकडे तेवढं तरी आहे का?

नाही. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमून सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली आधी २३५ गावं नवीन महाबळेश्वरच्या आराखड्यात घेतली गेली. मुनावळ्याला २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झालं, वेगवान बोटी फिरू लागल्या. त्याच वर्षी कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीच्या जमीन खरेदीचं प्रकरण इतकं गाजलं की ते न्यायालयापर्यंत गेलं. धरणात अर्धी बुडालेली, अभयारण्यानं अर्धी बांधलेली, वारस पाच जिल्ह्यांत पांगलेले अशी ही गावं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, आजोबा गेलेले, नातू कोपरखैरण्यात. त्याच्याकडे एखादा मध्यस्थ रोख रक्कम घेऊन गेला तर तो सही करणार नाही का? करेल, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही.

'भांडवल कुठून आणणार?' हा शेवटचा आणि व्यवहारी प्रश्न. पलंग, शौचालयं, सांडपाण्याची सोय यांना पैसा लागतो, तो गावाकडे नाही, बाहेरचा गुंतवणूकदार लागणारच. लागू दे. पण त्याला जमीन विकावी कशाला लागते? मालदीवचं सरकारसुद्धा बेटं भाडेपट्ट्यानं देतं. ग्रामसभेनं ठरावीक वर्षांचा पट्टा द्यावा, उत्पन्नात वाटा घ्यावा, मुदत संपली की जमीन परत गावाची. बामणोली-तापोळ्याच्या बोट क्लबांनी स्थानिक माणसं एकत्र येऊन धंदा चालवू शकतात हे दाखवलेलं आहे. लाँचचा नंबर कोणाचा, फेरी कोणाची, हे ते आपसांत ठरवतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्याचा फायदा काठावरच्या शेतकऱ्यानं का घेऊ नये? बँका ट्रॅक्टरला कर्ज देतात, चार खोल्यांना का नाही? आणि सांडपाण्याची बाब निव्वळ त्या खोऱ्याची नाही. धरणातून सुटलेली कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सांगलीला पोचते. वर काठावर किती तंबू, किती शौचालयं, याची चौकशी सांगलीकरानंही करायला हवी. त्याच्या नळाचा तो प्रश्न आहे.

शिवसागराच्या काठी मुक्काम व्हावेत, असंच मला वाटतं. दोनचार दिवस राहणारे, ढोल-डीजे नसलेले, रात्री दिवे मंद ठेवणारे, नाचणीची भाकरी आणि कोयनेतला मासा खाणारे, आणि ज्यांच्या अंगणात ते होतील त्यांच्या नावावर ती अंगणं कायम राहणारे. मला तिथे भाचा आणि त्याची बायको बसलेली बघायला आवडेल. दुरून विमानानं जाण्यापेक्षा साताऱ्याहून दीड-दोन तासांत. पण त्याआधी आराखड्यातल्या प्रत्येक गावात ग्रामसभा मुंबईकरांसकट भरली पाहिजे. मे महिन्यात, जत्रेला, जेव्हा सगळे गावी असतात तेव्हा. पावसाळ्यात चार म्हाताऱ्यांच्या अंगठ्यांवर भरलेली नको. धरणग्रस्तांच्या संकलन याद्या, म्हणजे कुणाचं काय गेलं याच्या नोंदी, पुऱ्या व्हाव्यात, ज्यांची जमीन बाकी आहे त्यांना ती मिळावी आणि काठावरच्या पट्ट्यांवर पहिला हक्क त्यांचा असावा. तोवर एकही नवीन बिगरशेती परवाना नको. यानं प्रकल्प दोन-चार वर्षं लांबेल, हे मला ठाऊक आहे. त्या माणसांनी साठ वर्षं वाट बघितली आहे.

त्या दिवशी वाद संपला, आण्णा घरी गेले, मेहुणे पोरांना घेऊन फटाके उडवायला उतरले. आईनं भाच्याला जवळ बोलावलं.

"त्या बेटावर माणसं ऱ्हात न्हाईत म्हणालास. मग नारळ कुणाचं?"

"अगत्तीच्या लोकांचं, आजी. पूर्वीपासून होडीनं येतात म्हणे ते, नारळ काढायला."

"अजून येऊ देत्यात न्हवं त्यांना?"

भाच्यानं बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे.